पिंजरा कधी लावताय?

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मातकट रंगाचा शर्ट घालून, गळ्यात दुर्बीण अडकवून कुणी उसाच्या कडेनं चालायला लागला, की लोक त्याचं नाव-गाव विचारत नाहीत. थेट मुद्द्याला हात घालतात. "साहेब, पिंजरा कधी लावताय?"

लोकांचं चुकत नाही. कुकडी, मीना, घोड या नद्यांवर धरणं-बंधारे झाले, पाटाला पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला आणि उसामागं बिबट्या. आता तो उसातच जन्मतो, उसातच वाढतो. पकडलेल्या आणि जायबंदी झालेल्यांची सोय माणिकडोहच्या निवारा केंद्रात आहे. संध्याकाळी डेअरीला दूध घालायला निघालेला माणूस एका हातात किटली, दुसऱ्या हातात काठी आणि खिशातल्या मोबाईलवर मोठ्यानं भजन लावून जातो. अशा मुलखात सकाळी सहाला उसाकडं टक लावून उभा राहिलेला माणूस एकतर वनखात्याचा असतो, नाहीतर डोक्यानं अधू. मी दुसऱ्या गटातला. पण ते पटवून देता देता नाकी नऊ येतात.

"मी पक्षी बघतोय, बाबा."

"कंचा?"

"वटवट्या."

"त्यो माणसाला काय करतो का?"

"नाही."

"शेरडं, कोंबड्या?"

"नाही हो. एवढासा असतो. किडे खातो."

"मग त्याला दुर्बिणीतनं कशाला बघायचा?"

एका वस्तीवर तर मी तोंड उघडायच्या आत खुर्ची आली, चहा आला, ओढलेल्या कालवडीची हकीकत आली, चिखलातला ठसा दाखवून झाला आणि शेवटी घरातल्या आजीनं चौथीतल्या नातवाकडून लिहून घेतलेला अर्ज माझ्या हातात ठेवला. अक्षर फार सुरेख होतं. मी तो नेऊन दिला. पुढं तिथं पिंजरा लागलासुद्धा. तेव्हापासून त्या वस्तीवर मला मान आहे. मी कुठलाही पक्षी कितीही वेळ बघावा. कुणी काही विचारत नाही. फक्त सोयरे आले की मला त्यांच्यासमोर उभं करतात.

आमच्याकडं सगळंच दांडगं, ही खरी अडचण आहे. किल्ला म्हणाल तर शिवनेरी. जनावर म्हणाल तर बिबट्या. पक्षीसुद्धा बघायचे तर पुण्या-मुंबईचे लोक माळशेजला रोहित बघायला येतात, चांगले कमरेएवढे उंच आणि गुलाबी. भीमाशंकरला जातात ते शेकरूसाठी. ते खारींतलं थोराड घराणं. खोडदला तर दुर्बिणीच अशा आहेत, की त्यांच्यापुढं माझी दुर्बीण खिशात घालावी. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, जुन्नर-आंबेगावच्या रानात पार २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या, आकाशगंगांच्या पलीकडून येणाऱ्या रेडिओलहरी ऐकत बसल्यात. त्यांना अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली कुजबुज ऐकू येते. त्या रस्त्याला कुंपणाच्या तारेवर चिरक बसतो: काळा, खांद्यावर पांढरा डाग, शेपूट उभं केलं की बुडाला तांबूस रंग. तो गळा काढून गातो. ते ऐकायला तबकडी लागत नाही, म्हणूनच बहुधा कुणी ऐकत नाही.

पक्ष्यांचे आवाज टिपणारे लोकही अशीच खोलगट तबकडी वापरतात आणि तिच्या मध्यावर मायक्रोफोन धरतात. हे वाचल्यावर मी घरातली लग्नातली पितळी परात घेऊन बांधावर गेलो. त्या दिवशीच्या ध्वनिमुद्रणात सुरुवातीला शिंपी पक्षी आहे. वजन दहा ग्रॅमच्या आत, आवाज मात्र ग्रामसभेचा. त्याच्यामागं चुलतीचा आवाज आहे: "अरे, परात कुठं नेली? मी पीठ काय टोपलीत मळू?" दोन्ही आवाज अतिशय स्वच्छ आलेत. चुलतीचा जरा जास्तच.

तशी आमची माणसं पक्ष्यांचं ऐकत नाहीत असं नाही. आळे गावात ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. ज्या तालुक्यानं वेद म्हणणाऱ्या रेड्याला जागा दिली, तो पाखरांच्या बोलण्यावर संशय घेत नाही. पावशा 'पेरते व्हा' म्हणाला की लोक पाभर झाडून-पुसून ठेवतात. टिटवीनं अंडी उंचवट्यावर घातली का सखल जागी, यावरून पाऊसमान सांगतात. भारद्वाज दिसला की दिवस चांगला. थोडक्यात, पक्ष्याकडं काही काम असेल तर ऐकायचं. नुसता गाणारा असेल तर त्याचं बघू नंतर.

आमचे मामा या मताचे. एकदा त्यांना सांगून बसलो, की शास्त्राच्या हिशेबात कोकीळ हा गाणाऱ्या पक्ष्यांत मोडतच नाही. तो, पावशा, भारद्वाज हे वेगळं कूळ. कावळा मात्र मोडतो. दयाळ, बुलबुल, चिरक, साळुंकी आणि कावळा, सगळे एकाच पंगतीचे. मामांनी सुपारी कातरता कातरता अडकित्ता खाली ठेवला.

"कोण म्हणतं?"

"शास्त्र म्हणतं. पक्ष्याच्या श्वासनळीला जिथं दोन फाटे फुटतात, तिथं त्याचा आवाजाचा अवयव असतो. गाणाऱ्या पक्ष्यांत त्याचे स्नायू फार बारीक घडणीचे असतात. दोन फाट्यांतून दोन वेगळे सूरसुद्धा काढता येतात. कावळ्याकडं ते सगळं साहित्य आहे."

"साहित्य आहे म्हणून काय गवई झाला? आपल्या गावच्या भजनी मंडळाकडंपण हार्मोनियम आहे."

यावर शास्त्राचं म्हणणं मला माहीत नव्हतं. पण मामांनी ती गोष्ट मनात ठेवली. का ठेवली ते पुढं येईलच.

वटवट्याला अगदीच वशिला नाही, असंही नाही. १८२८ च्या उन्हाळ्यात विल्यम हेन्री साइक्स नावाचा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी नाणेघाटात आला होता. दख्खनची आकडेवारी गोळा करायचं त्याचं काम. माणसं मोजली, गुरं मोजली, पिकं मोजली. हात थांबेनात म्हणून जुन्नरच्या लेण्यांतले लेख उतरवून घेतले आणि पाखरं पाडली. पाडली म्हणजे बंदुकीनं. त्या काळी पक्षीनिरीक्षणाची ती रीतच होती; पक्षी आधी खाली यायचा, मग त्याचं निरीक्षण व्हायचं. १८३२ साली त्यानं दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढं ठेवली. राखी वटवट्या आणि साधा वटवट्या हे दोघं त्या यादीतून पहिल्यांदा शास्त्राच्या दप्तरी दाखल झाले. मोठ्या राखी सातभाईला त्यानं मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचं नाव दिलं. बाभळीखाली पाचोळ्यात हा थवा कसा कचाकचा भांडतो ते ज्यानं ऐकलंय, त्याला साइक्ससाहेबांचं वरिष्ठांबद्दल खासगीत काय मत असावं याचा अंदाज येईल. एका चंडोलाच्या शास्त्रीय नावात त्यानं 'देवा' घातलं आणि वटवट्यासारख्याच एका हिवाळी पाहुण्याच्या नावात 'रामा'. दख्खनच्या वैशाखात हिंडल्यावर बंदूकवाल्याच्या तोंडीसुद्धा देवा-रामा आलं, यात नवल नाही.

ही सगळी कुळकथा मी बांधावरच्या बाबांना ऐकवली. ते म्हणाले, "म्हंजी साहेबाला पण दुसरं काय काम न्हवतं."

बाबांचं आणि राखी वटवट्याचं वैर मात्र जुनं आहे, त्यांना ते माहीत नव्हतं इतकंच. हा पक्षी झुडपातून झुडपात उडताना चट्-चट्-चट् असा आवाज करतो. थेट विजेची ठिणगी पडल्यासारखा. आमच्याकडं विहिरीवरचा स्टार्टर हा घरातल्या लेकरापेक्षा जपायचा प्रकार. थ्री फेज लाईट रात्री कधीतरी येणार, तेवढ्यात भरणं उरकायचं, आणि मोटर जळाली तर हंगाम गेला. बाबांच्या स्टार्टरच्या पेटीमागं घाणेरीचं झुडूप आहे. दर सकाळी तिथं चट्-चट् व्हायचं, बाबा धावत जाऊन फ्यूज काढायचे, पेटी उघडून हुंगायचे, काही सापडायचं नाही. वायरमनला दोनदा चहा-पाणी झालं. मी त्यांना झुडपाशी उभं करून दाखवलं: राखाडी पाठ, पिवळसर पोट, लांब शेपूट, लाल डोळा; हा बघा उडाला, आणि हा तुमचा स्टार्टर. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग माझ्या गळ्यातली दुर्बीण मागून घेऊन पुन्हा बघितलं. "आयला," ते म्हणाले, "वायरमनचा भाऊबंद."

आता फोटोंचं. माझ्या संग्रहात आमच्या भागातल्या बाभळी, बोरी, हिवर आणि कडुनिंब यांच्या फांद्यांचे अत्यंत उत्तम फोटो आहेत. सालीचा पोत, काट्यांची टोकं, सगळं लख्ख. त्यातल्या प्रत्येक फांदीवर अर्ध्या सेकंदापूर्वी पक्षी होता. कॅमेऱ्याची लेन्स हातभर लांब आणि तिला काडी फार आवडते. समोर हळद्या बसलाय, अंगभर सोनेरी, डोळ्यात काजळ. पण त्याच्यापुढं तुरीची एक वाळकी काडी आडवी असेल तर लेन्स काडीवरच जीव लावून बसते. काडी अशी टिपते, की काडीच्या घरच्यांनी फ्रेम करून लावावी.

त्यातून जो गातो तो दिसत नाही आणि जो दिसतो तो गात नाही. तांबटाचं उदाहरण घ्या. उन्हाळ्यात भर दुपारी टुक्-टुक्-टुक् चालू असतं. तो चोच मिटून, गळा फुगवून आवाज काढतो आणि मुंडी इकडून तिकडं फिरवत राहतो. त्यामुळं आवाज आत्ता वडातून आला म्हणावं तर पुढच्या क्षणी पिंपळातून. पोपटी अंग, पानांत बसलेला. मान दुखून खाली बघावं तर शेजारची चिल्लीपिल्ली आपल्याभोवती उभी राहून वर बघतायत आणि रस्त्यानं जाणाऱ्यानं गाडी थांबवून विचारलंय, "झाडावर चढलाय का?" तो बिबट्याबद्दल विचारतोय हे सांगायला नको.

यावर काही फोटोवाल्यांनी इलाज काढलाय. मोबाईलला स्पीकर जोडून पक्ष्याचाच आवाज वाजवायचा. पक्षी ताडकन समोर येतो, फुगतो, पंख थरथरवतो, फोटो देखणा येतो. का येतो, हे आमच्या भागातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. नर पक्ष्याचं गाणं म्हणजे बहुतेक वेळा सातबाराचा उतारा मोठ्यानं वाचणं असतं: अमुक बाभळीपासून तमुक विहिरीपर्यंत माझं, चतुःसीमा येणेप्रमाणे. त्यात ऐन विणीच्या दिवसांत कुणीतरी झुडपाआडून दुसरा उतारा वाचायला लागला, तर घरी पिल्लं उपाशी ठेवून तो बिचारा तंट्याला हजर होणारच. खोटा वारस उभा करायचा आणि मूळ मालकाच्या रागाचे फोटो काढायचे, हा धंदा मला पटत नाही. तहसील कचेरीत चालतो तेवढा पुरे.

दयाळ या उताऱ्याचं वाचन सगळ्यांत सुरेल करतो. हिवाळाभर तो नुसता खेकसतो. होळी झाली, चैत्र लागला, की पहाटे अंधारात विजेच्या तारेवर किंवा वाळक्या शेंड्यावर बसून तास-तास गातो. मधेच दुसऱ्यांच्या नकलाही करतो. हेच दिवस नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागण्याचे. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. गावोगावची पंचमंडळी इथं येऊन फडमालकांशी घासाघीस करतात, जत्रेची सुपारी देतात, नारळ घेऊन उठतात. एका पहाटे अशीच पंचमंडळी आमच्या ओट्यावर जीपची वाट बघत बसली होती, आणि वर तारेवर दयाळाचा कार्यक्रम रंगात आलेला. मी म्हटलं, ऐका जरा. ऐकलं. एक पंच म्हणाले, "गळा चांगला हाय. पण सोंगाड्या न्हाय याच्याकडं."

बुलबुलाचं नाव मी द्राक्षवाल्यांच्या गावात काढत नाही. बागेवर जाळी, चकाकणाऱ्या पट्ट्या, डबडी, सगळं करून झाल्यावरही लालबुड्या बुलबुल कुठल्या फटीतून आत जातो हे देव जाणे. आणि नेमका गोड घड निवडतो. निर्यातीचा माल तपासणाऱ्यांनी त्याच्याकडून शिकावं. एका बागाईतदार मित्राला मी कौतुकानं म्हणालो, काय गोड बोलतो रे! तो म्हणाला, "आठशे रुपयांची द्राक्षं पोटात गेल्यावर मीपण गोड बोलीन."

आवाजावरून पक्षी ओळखणारं एक ॲपही माझ्या मोबाईलमध्ये आहे. एरवी हुशार आहे. पण त्यानं आमच्या हापशाची नोंद एका हिमालयातल्या पक्ष्याच्या नावानं करून ठेवलीय. हापशाला हे कळल्यापासून तो जास्तच कुरकुरतो, असं चुलतीचं म्हणणं.

खरं ऐकणं झालं ते आहुप्याला. आंबेगावच्या पार पश्चिमेला, कड्याच्या टोकाशी. आषाढ, भाताची आवणी चालू, रात्रभर कौलांवर पाऊस. पहाटे अजून हाताला हात दिसत नव्हता आणि ओढ्याच्या अंगानं कुणीतरी शीळ घालायला लागलं. अगदी माणसाची शीळ: सावकाश, वर जाणारी, मधेच वळणारी, आणि सम यायच्या आत सोडून दिलेली. पुन्हा सुरुवात, पुन्हा भलतीकडं. शीळकरी कस्तूर. उजाडल्यावर दिसतो तो काळा-निळा, कपाळावर आणि खांद्यावर निळीचा झळझळीत हात फिरलेला. पण उजाडेपर्यंत त्याचं गाणं आटोपतं. कॅमेऱ्याच्या काचेवर धुकं बसलेलं, बॅटरी मान टाकून पडलेली. मग काय करणार, ऐकत बसलो. धारेच्या पाण्याचा एवढा खळखळाट, पण शीळ त्याच्यावरून स्वच्छ येत होती. शेजारी घोंगडी पांघरून आजोबा बिडी ओढत होते. त्यांना विचारलं, रोज असतो का हा?

"पावसाळाभर हाय. पन पुरं कधीच करत न्हाई. आमच्या भजनात असता तर बुवानं टाळ काढून घेतला असता."

आता मामा. दयाळाचं मी केलेलं ध्वनिमुद्रण मामांना आवडलं आणि त्यांनी ते रिंगटोनला लावून घेतलं. दोन दिवसांत अंगणातल्या शेवग्यावरचा खरा दयाळ हवालदिल झाला. मामांना फोन फार येतात. प्रत्येक फोनला तो खिडकीच्या गजावर येऊन छाती काढायचा. पलीकडून व्यापारी विचारायचा, "भांडण कुणाचं चाललंय?" मी मामांना म्हटलं, हे बरं नाही, विणीचे दिवस आहेत, टोन बदला.

"बदलतो की," मामा म्हणाले. "कावळा लाव. गवई ना तुमच्या शास्त्रात?"

लावला. त्याच आठवड्यात भावकीतल्या एका आजोबांची दशक्रिया होती. नदीकाठचा घाट, मंडप, स्पीकर. आमच्याकडं दशक्रिया म्हणजे प्रवचन झालं, की सोसायटी, पतसंस्था, कारखाना, दूधसंघ, आजी-माजी सदस्य अशी ओळीनं श्रद्धांजली असते. तेही झालं. पिंड ठेवला. कावळे होते, पण लांब, नदीपलीकडच्या सुबाभळीवर, पाठ करून. दहा मिनिटं गेली, वीस गेली. घरच्यांनी हात जोडून कबुल्या द्यायला सुरुवात केली. नातवाला शिकवू. आजीला कुणाकडं पाठवणार नाही. देवळाला कळस चढवू. कावळे हलेनात. सगळ्या गावाला ठाऊक होतं आजोबांचं काय राहिलंय ते. दोन भावांत बांधावरून दहा वर्षं कोर्ट चालू होतं. शेवटी गुरुजींनीच घसा खाकरला. धाकटा पुढं झाला, मान खाली घालून म्हणाला, "आबा, बांध कोरणार न्हाई. केस मागं घेतो." थोरला म्हणाला, "मीपण."

आणि मामांच्या कोपरीत कावळा ओरडला.

टोमॅटोच्या आडतीवरचा फोन होता. मामा कट करायला बघत होते, पण धोतर, कोपरी, उपरणं यांत मोबाईल सापडेना, आणि आडतवाला चिवट. कावळा पोटतिडकीनं ओरडत राहिला. नदीपलीकडचे कावळे एकदम उठले, आले, मंडपावर घिरट्या घातल्या आणि त्यातला एक पिंडाला चोच लावून गेला. बायकांनी डोळ्याला पदर लावला. दोघं भाऊ दहा वर्षांनी एकमेकांच्या गळ्यात पडले.

केस खरोखर मागं घेतली गेली. बांध अजून सरळ आहे.

पंगत उठल्यावर गुरुजी मला बाजूला घेऊन गेले. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी जानव्याला अडकवलेल्या किल्लीशी चाळा केला आणि हळूच विचारलं, तो आवाज व्हॉट्सॲपवर पाठवता येईल का?